वाफेच्या खोलीतला शॉर्ट

पॅनेलमधला लाल दिवा पुन्हा लागला. आउटपुट मॉड्यूलने वाफेच्या झडपेची वीज तोडली होती. झेपेल त्याहून जास्त करंट गेला की ते असंच करतं. सुपरवायझरने रीसेट दाबलं. क्षणभर हिरवा, लगेच लाल.

"कुठेतरी शॉर्ट आहे," म्हातारा वायरमन म्हणाला. "मी सांगेपर्यंत बटणाला हात लावू नका."

"जरा लवकर बघा, अण्णा. लाकूड भरून दार लावलंय आणि वाफेचा पत्ता नाही."

अण्णा तारेच्या मागोमाग निघाले. वाटेत त्यांनी जावयाला हाक मारली. तो तिथेच पाइप फिटर होता. सासरा वीज आणि जावई पाणी, दोघांना लांब ठेवा, अशी सगळे थट्टा करत. जावई जागेवर नव्हता. चहाला गेला असेल म्हणून अण्णा पुढे झाले.

लाकूड वाळवायच्या वाफेच्या खोलीबाहेर, भिंतीवर जोडपेटी होती. तिथे तारेला दोन फाटे फुटत. एक झडपेकडे जाई, दुसरा खोलीच्या आत, धोक्याच्या दिव्याकडे. दोष कुठल्या फाट्यात आहे ते कळावं म्हणून अण्णांनी दिव्याच्या तारा सोडवल्या; पॅनेलकडून येणाऱ्या तारेवर आता फक्त झडप उरली. सोडवलेल्या तारांना त्यांनी मीटर लावला; तारा पुढे कुठे एकमेकींना टेकल्या असल्या की तो वाजतो.

मीटर वाजला. थांबला. पुन्हा वाजला, पुन्हा थांबला.

तार लोंबकळत असेल, असं त्यांना आधी वाटलं. पण बंद खोलीत तार हलवणार कोण? मीटर तर ठरावीक अंतराने वाजत होता, कुणी दार ठोठावावं तसा. त्या भिंती इतक्या जाड, की आतून कितीही ओरडलं तरी बाहेर ऐकू येत नसे. आत कुणीतरी दिवा उचकटून त्याच्या तारा एकमेकींना टेकवत होतं.

सकाळीच जावई म्हणाला होता, वाफेच्या खोलीत मागे एक पाइप गळतोय.

अण्णांच्या हातून मीटर पडला. ते दाराकडे धावले. कडीला हात घातला तोच आतलं कुलूप खटकन बसलं. वाफ सुटली की ते आपोआप बसतं, आणि खोली निवेपर्यंत कुणाच्या बापाला उघडत नाही.

कमरेचा वॉकीटॉकी खरखरला.

"सापडला म्हणायचा शॉर्ट," सुपरवायझर खुशीत म्हणाला. "या वेळी रीसेट टिकलं, अण्णा."