चालू स्थितीत

“उघडून राहिलं, साहेब,” माऊस धरून बसलेली दीपमाला म्हणाली.

तपासणीला आलेल्या साहेबांनी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. किनवटजवळच्या या निवासी शाळेतल्या चौतीस मुली पडद्याकडे टक लावून बसल्या होत्या. अखेर नव्या विंडोजचं निळं चित्र उमटलं.

चन्नबसप्पा गुरुजींना बरं वाटलं. थेट घालायला गेलं, तर त्या जुन्या संगणकावर ही विंडोज बसतच नव्हती. म्हणून त्यांनी आधी लिनक्स ही दुसरी, हलकी प्रणाली घातली, तिच्या आत व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातलाच एक आभासी संगणक, उभं केलं आणि त्यात ती विंडोज चालवली. “भाड्याच्या घरात पोटभाडेकरू ठेवल्यासारखं,” असं मुलींना समजावलं होतं. पण पोटभाडेकरू खादाड निघाला. त्याची भूक भागवायला गुरुजींनी बाकीच्या तीन संगणकांतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून याच एकात बसवल्या. ते तिघे आता बंदच होते. आज फक्त पुसून मांडलेले.

शाळेने दहा नवे संगणक मागितले होते. ते मिळणं साहेबांच्या शेऱ्यावर होतं.

“अरे वा! एवढ्या जुन्यावर नवी विंडोज?”

“चालते साहेब, पण लई रडत. एक अक्षर उमटायला...”

“चालते ना? मग नवे कशाला हवेत? चारही असेच केले असतील तुम्ही!”

“तसं न्हाई, बाकीच्या तिघांत...”

मागे मुख्याध्यापिका उज्वलाबाई खोकल्या. लेखी परवानगीशिवाय शाळेचा संगणक उघडायचा नाही, असा नियम होता. गुरुजींनी परवानगी मागितलीच नव्हती. निवृत्तीला सात महिने उरले होते.

“काय बाकीच्या तिघांत?”

“काही न्हाई, साहेब.”

साहेबांनी तिथंच उभ्याउभ्या लिहिलं : चारही संगणक चालू स्थितीत. नवीन संचांची आवश्यकता नाही. कागद गुरुजींपुढे सरकवला. गुरुजींनी खाली सही केली. नेहमीसारखी, वळणदार.

“असे गुरुजी मिळायला नशीब लागतं, पोरींनो,” साहेब पेन खिशाला लावत म्हणाले. “वाजवा टाळ्या!”

मुलींनी मनापासून टाळ्या वाजवल्या. दीपमालानं तर माऊस सोडला आणि उभी राहून वाजवल्या.