जखम झाली तर

क्रांतीने नजमुद्दीनची पाठ नीट पाहिली. टाचा पाहिल्या, माकडहाडापाशी बोटाने दाबून पाहिलं. कुठे लाली नव्हती, कातडी सोललेली नव्हती. इतका स्वच्छ पेशंट दवाखान्यातही बघायला मिळत नाही, असं ती म्हणाली. महेरुन्निसाला बरं वाटलं. तिने नवऱ्याचा सदरा खाली ओढला आणि गुडघा लावून, डाव्या हाताने त्याला उताणा केला.

क्रांती बोर्ली पंचतनच्या एका संस्थेत नर्स होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी ही संस्था आठवड्यातून दोन सकाळी मदतनीस बाई पाठवायची, फुकट. कुणाकडे पाठवायची, ते क्रांती घर बघून ठरवायची.

दोघी बाहेर पडवीत येऊन बसल्या. क्रांतीने विचारलं, तुम्हाला स्वतःला कशाची गरज आहे? महेरुन्निसा नवऱ्याचंच सांगू लागली. पक्षाघाताने त्याची डावी बाजू गेली, घास अडकतो, रात्रीही कूस बदलावी लागते. क्रांतीने तिला थांबवून पुन्हा विचारलं.

मग तिने खांद्याचं सांगितलं. उजवा हात वर जात नाही, स्वतःची वेणी घालता येत नाही. श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून बजावलंय. मुलगा तौहीद बायकोसह मस्कतला, घरात तिसरं कुणी नाही.

"कुणी आलं, तर मी काही करणार नाही," ती खाली बघत म्हणाली. "नुसती झोपेन."

क्रांतीने हळू आवाजात समजावलं. बायका कमी, घरं फार. ज्यांच्या पेशंटला पडून पडून जखमा झाल्यात, त्यांचा नंबर आधी. हे घर यादीत बरंच खाली जाईल.

"म्हणजे मी नीट करते, म्हणून नाही?"

क्रांती उठली. चपला घालताना ती म्हणाली, "जखम झाली तर लगेच फोन करा, चाची. मग मला काहीतरी करता येईल."

स्कूटर वळणाआड गेली. महेरुन्निसा तिथेच बसून राहिली. एक टाच पुरे, तिच्या मनात आलं. पायाखालची उशी काढून ठेवली, की चार दिवसांत जखम होईल. हे इतक्या सहज सुचलं, याचीच तिला भीती वाटली आणि ती उठली. नमाजाआधी त्याला कुशीवर करायचं होतं.

नजमुद्दीन जागा होता. त्याच्या उशाशी खिडकी होती आणि ती पडवीतच उघडायची. तिने त्याच्या खांद्याखाली हात घातला, तेव्हा त्याने चांगल्या हाताने खाटेचा लोखंडी दांडा घट्ट पकडला.

"मना वळवू नको," तो म्हणाला. त्याचे जड शब्द आता तिलाच तेवढे कळत. "पाठीला होऊ दे काय व्हायचं ते."

सोडा, म्हणून तिने सांगितलं. त्याने सोडलं नाही. ती वाकून त्याची बोटं दांड्यावरून उकलू लागली. त्या एका हातात अजून जोर होता. तिच्या दोन्ही हातांत मिळून तेवढा उरला नव्हता.