समोरचा गाळा

विजेच्या वस्तूंच्या दुकानात मी मेकॅनिक होते. "पंखा भंगारात कशाला घालता, कंडेन्सर बदलला की अजून दहा वर्षं फिरेल," असं एका गिऱ्हाइकाला खरं सांगितलं, म्हणून मालकाने मला काढून टाकलं. "सगळे दुरुस्त करत बसले तर नवीन कोण घेणार?"

मी डूख धरला. बरोबर समोरचा गाळा घेऊन पाटी लावली: 'दुरुस्ती शिका, फुकट.' वर्षभरात त्याची विक्री निम्म्यावर आली.

परवा तो तणतणत रस्ता ओलांडून आला. "माझ्या पोटावर पाय देतेस? बंद कर हे शिकवणं."

"मी फक्त सुटे भाग विकते, साहेब. शिकवणाऱ्या बाई आत आहेत."



आत पंधरा जणांना मिक्सर उघडून दाखवत होती त्याची सख्खी आई.