दगडावरची रेंज

साऱ्या गावात फोनची रेंज यायची ती टेकडीवरच्या एका चपट्या दगडावर. दर रविवारी दहाच्या ठोक्याला आई तिथे उभी असायची. दुखऱ्या गुडघ्यांनी चढून येते बिचारी, म्हणून दूर नोकरीला असलेला लेक एकही रविवार चुकवत नसे.

मग घरामागेच टॉवर उभा राहिला.

"सुटलीस गं आई! आता दगड नको नि वेळ नको. मनात आलं की फोन करीन."

शेजारीणही हसली, "घ्या, लेक उशाशीच आणून ठेवला की तुमच्या!"

फोन उशाशी राहिला. दोन रविवार वाजला, मग महिन्यातून एकदा, मग तेही नाही. आईनेच लावला तर, "कामात आहे गं, निवांत करतो." ते निवांत काही उगवेना.



काल दाराला आतून कडी लावून, खाटेवर बसल्या बसल्या आईने दोन-चार धापा टाकल्या आणि फोनमध्ये निरोप बोलून ठेवला, "टेकडीवरून बोलतेय रे बाळा... टॉवर बिघडलाय. रविवारी दहाला इथेच उभी असेन."