खोडलेली ओळ

मधी बोलू नको, नुसतं ऐक. सिल्लोडकडच्या मुंजाबाच्या वडलांना, आप्पांना, मायनं एकटीनं संभाजीनगरात इमर्जन्सीला नेलं, मुंजाबा तवा बाहेरगावी व्हता. डॉक्टरनं सुई देऊन घरी पाठवलं अन् चार तासांत ते हार्ट अटॅकनं गेले. मुंजाबाला संशय आला. त्यानं केसपेपरची झेरॉक्स मागितली, तर 'छातीत दुखतं' खोडून वर 'पित्त' लिहिलेलं. वकील म्हणला, "हे मागून खोडलंय. आता डॉक्टर सुटत नाय."

उद्या केस टाकायची, अन् आज माय त्याला बाजूला घेऊन म्हणली,

"डॉक्टरनं माझ्यासमोरच खोडलं रं. आप्पा छातीच म्हणत व्हते, मीच मधी बोलले, पित्त हाय म्हणून. भरती केलं असतं तर घरी कोंडलेली मेंढरं कुणी सोडली असती?"

मुंजाबा अजून वकिलाला काय बोलला नाय. तू काय केलं असतं?