व्हर्लीनचं गाणं

आयोनी टिब्सनं पियानोवर डावा हात आपटला आणि व्हर्लीनचं गाणं सुरू केलं.

तसं ते कुणा एकीचं नव्हतं. नदीपलीकडच्या घराचं ते जुनं भजन व्हर्लीनच्या आजीच्याही आधीचं. पण अमेरिकेतल्या गॅरी गावातल्या त्या विटांच्या चर्चमध्ये गेली तीसेक वर्षं व्हर्लीन गेन्सशिवाय ते कुणी गायलं नव्हतं. घरात कुणी गेलं की लोक आधी पाळकांना फोन करत आणि लगेच व्हर्लीनला. आज ती ठेवणीतली टोपी घालून दुसऱ्या बाकावर नुसती बसली होती. पाळकांनी आयोनीची ओळख करून देताना ‘आपल्या गावची लेक’, ‘न्यूयॉर्क’, ‘युरोप’ असं बरंच काही सांगितलं होतं. व्हर्लीनची ओळख करून द्यायची वेळ कधी कुणावर आलीच नव्हती.

आधी खर्जातला एकच स्वर आला. पुन्हा पुन्हा तोच, बंद दाराला कुणी धडका द्याव्यात तसा. पहिली ओळ आयोनी कुजबुजली. दुसरी तिनं घशातच घोटली. आणि ‘घर’ या शब्दावर तिनं असा काही हंबरडा फोडला, की मागच्या बाकावरचं तान्हं बाळ दचकून रडायला लागलं.

शेजारी बसलेली मैत्रीण डॉल्फीन व्हर्लीनच्या कानाला लागली. “गातेय की दाढ काढून घेतेय?”

व्हर्लीननं रुमाल तोंडाला लावला. तिला बरं वाटलं. मघाशी आयोनीनं याच पियानोवर गुत्त्यातलं एक ब्लूज गाणं वाजवलं, तेव्हा दोन कुटुंबं उठून गेली होती. आणखी चार जावीत, असं व्हर्लीनला अगदी मनापासून वाटत होतं.

तेवढ्यात खरंच कुणीतरी उठलं. मदर आर्झेला. मंडळीतली सगळ्यांत म्हातारी बाई, म्हणून सगळे तिला मानानं मदर म्हणत. दाराशी उभा असलेला माणूस तिला हात द्यायला पुढे झाला, पण ती दाराकडे वळलीच नाही. काठी टेकत ती पियानोपाशी गेली, त्याच्या लाकडावर तिनं तळहात ठेवला आणि तोंड उघडलं.

त्या आवाजात शब्द नव्हते. चालही नव्हती. आयोनीनं मान वर केली नाही. तिनं स्वतःचा आवाज थांबवला आणि फक्त डावा हात चालू ठेवला, म्हातारीच्या आवाजाखाली, तिचं संपेपर्यंत. पुष्कळ वेळ ते चाललं. कुणी हसलं नाही. डॉल्फीन खाली मान घालून बसली होती.

उपासनेनंतर चर्चच्या तळघरातल्या सभागृहात जेवणं सुरू झाली. आयोनी ताटली हातात घेऊन स्वतःहून व्हर्लीनपाशी आली.

“व्हर्लीनबाई, रागावलात का? हे गाणं मी तुमच्याकडूनच ऐकलं. तुमच्यासारखं कधी जमलंच नाही मला.”

“ते दिसलंच की आज सगळ्यांना,” व्हर्लीन म्हणाली.

आयोनी हसली. त्यात टोचल्याची खूणही नव्हती, आणि व्हर्लीनला नेमकं तेच सहन झालं नाही.

तळलेल्या कोंबडीचा चांगला तुकडा बघून व्हर्लीननं ताटली भरली आणि मदर आर्झेलापुढे ठेवली. काही बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. तरी बोललीच.

“मदर, तुमच्या वेंडलच्या वेळी हेच गाणं मी म्हटलं होतं.”

“आठवतं ना. फार गोड गायलीस.”

“त्या दिवशी तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. पोटचा पोर समोर पेटीत होता तरी.”

म्हातारीनं कोंबडीचं कातडं हळूच सोलून बाजूला ठेवलं.

“तू इतकी गोड गात होतीस बाई,” ती म्हणाली. “त्यात मी कुठे ओरडणार?”

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. तिनं तिखट सॉसची बाटली मागितली. व्हर्लीननं ती आणून दिली आणि भांडी घासायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. तिथल्या दोघी पोरींना तिनं बाहेर पिटाळलं, दार लोटलं आणि नळ सोडला.

ओटिस गेला तेव्हाही तीच गायली होती. स्वतःच्या नवऱ्याच्या पेटीशेजारी उभी राहून, आवाजाला जराही कंप न येऊ देता. लोक अजून त्याचं कौतुक करत. घरी जाऊन तिनं टोपी खोक्यात ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी त्याचे शर्ट धुतले होते. रडायचं राहून गेलं होतं ते गेलंच.

सिंकचा काठ तिनं दोन्ही हातांनी धरला. डोळे मिटले. ओटिसचा चेहरा समोर आणला, शेवटच्या आठवड्यातला, खंगलेला. आयोनीनं फोडला तसा, म्हातारीनं फोडला तसा हंबरडा पोटाच्या तळातून वर खेचून काढायचा होता. कसाही, वेडावाकडा. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

भजनाची पहिली ओळ आली. मधासारखी. एकही सूर इकडचा तिकडे न होता.

बाहेर चमच्यांचा आवाज थांबला. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी पुटपुटून ‘आमेन’ म्हटलं. मग दाराशी डॉल्फीनचा आवाज आला, अगदी सुखावलेला.

“हं. आता कसं बरं वाटलं.”