सालीचा चोथा

"चोरी नाही केली, मॅडम. चोथा फेकायचाच होता ना?" प्रयोगशाळेतले शिपाई यशवंतमामा मान खाली घालून उभे होते. त्यांच्या हातातल्या डब्यात सालीचा ओला चोथा होता.

"पण तो नेता कशाला, मामा?"

"आमच्या कारभारणीसाठी. पोटात गाठ आहे तिच्या. या सालीनं कॅन्सर मरतो, असं तुम्हीच मोठ्या साहेबांना सांगत होता. मी वाटून मधातून देतो. लागू पडतंय बघा! कालपासून तिच्या डोळ्यांपुढं धुकं येतंय. औषध अंगात भिनत असणार."

संशोधक वृंदाने डबा त्यांच्या हातातून काढून घेतला. सालीतलं औषध तिने मिथेनॉलमध्ये केव्हाच उतरवून घेतलं होतं. चोथ्यात आता उरलं होतं ते नुसतं मिथेनॉल, आधी दृष्टी आणि मग जीव घेणारं विष. चोथ्याच्या पिंपावर तिने 'विषारी' लिहायला हवं होतं. घाईत 'टाकाऊ' एवढंच लिहिलं होतं.

"गाडीत बसा, मामा. त्यांना आधी दवाखान्यात नेऊ."

दवाखान्यात डॉक्टर मामांवर खेकसले, "काय दिलंत हिला?"

"मिथेनॉल," वृंदाच म्हणाली. "माझ्या प्रयोगशाळेतलं. चूक माझी आहे."

मामांना त्यातलं काहीच उमगलं नाही. ते खाटेवर वाकून बायकोला म्हणाले, "अगं, मॅडम स्वतः आल्यात."

तिचा चेहरा उजळला. वृंदा उजवीकडे उभी होती. मामांच्या बायकोने डावीकडच्या भिंतीला हात जोडले.

"मग आता मी बरी होते बघा, बाई."